एक दात अलीकडे

साठपर्यंत काही नाही.
अडुसष्टला बुडाखालून घुमायला लागते,
पंच्याऐंशीला विसरल्यासारखी गप्प.
इंदुमती हरपळे एवढंच सांगतात
आणि अंड्यांचा ट्रे बॉनेटवर ठेवतात.
तीसमधली चार तडकलेली.
"यवत ते कॅम्प, रोज. बेकरीवाला मोजून परत देतो."

चार ठिकाणी दाखवून झालंय.
एकानं टायर बदलायला लावले, एकानं चाकं बॅलन्स केली,
मगरपट्ट्याच्या पोरानं कॉम्प्युटर लावायला घेतला
(ट्रॅक्सला! तिचं घड्याळसुद्धा बंद आहे),
चौथ्यानं इंजिनाची माउंटिंगं नवी टाकली.
बिलं आहेत, बघा, क्लिप लावून.

मी बघत नाही. म्हणतो, चला लोणीपर्यंत.

सोलापूर रोड, दुपारचे तीन,
उसाची ट्रॉली मागे पडली, मग मोकळं.
अडुसष्ट.
आली.
स्टिअरिंगला नाही, म्हणजे पुढची चाकं निर्दोष.
पाठीतून येते, मांड्यांत उतरते,
आरशात मागचा ट्रक दोन दिसतो.
"न्यूट्रल करा."
इंजिन खाली बसलं, आवाज गेला,
थरथर तशीच.
ताई, माउंटिंगं चांगलीच होती तुमची.
त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

भवानी पेठ, शेडमधला खड्डा.
शाफ्टवरून हात फिरवतो.
क्रॉस घट्ट, सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत,
बॅलन्सची पत्री जागच्या जागी.
खडू धरून फिरवून पाहिला,
रेघ सगळीकडून सारखी, वाकलेला नाही.
मग बॅटरी नीट धरली.
योकवर एक पिवळा ठिपका,
शाफ्टवर दुसरा.
समोरासमोर हवेत.
एक दात अलीकडे.

आमच्या गल्लीत सगळे पांढरा लावतात,
नाहीतर छिन्नीची खूण.
पिवळा मीच लावतो.
मुलीची सायकल रंगवून उरलेला डबा
थिनर घालघालून पुरवतोय.
गाडी हरपळेबाईंनी जानेवारीत जुनी घेतली होती;
कोणाकडून, ते मी विचारलं नव्हतं.

क्रॉस कधी सरळ फिरत नाही.
कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा
पुढे धावतो, दोनदा रेंगाळतो.
स्वभाव आहे तो, खोट नाही.
मागचा क्रॉस त्याच क्षणी नेमकं उलटं करतो
म्हणून चाकांपर्यंत पोचतच नाही
पुढे काय भांडण झालं.
फक्त दोघं एका रेषेत पाहिजेत.

शाफ्ट दोघांनी बसवायचा असतो,
एकानं मागचं टोक तोलायचं.
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी,
सातशे रुपयांवरून विन्सेंट निघून गेला,
वानवडीला स्वतःचं टाकतो म्हणून.
संध्याकाळी वीज नव्हती, गिऱ्हाईक दारात उभं.
मी छातीवर शाफ्ट घेतला, अंदाजानं दाबला.
बसला. बसतोच तो.
चुकीच्या दातातही तितकाच घट्ट बसतो.

काढला. एक दात फिरवला. ठिपक्याला ठिपका.
पुन्हा लोणी, ट्रे या वेळी माझ्या मांडीवर.
अडुसष्ट. बहात्तर. अठ्ठ्याहत्तर.
त्या माझ्याकडे बघतात, मी अंड्यांकडे.

सांगितलं नसतं तर कळलं नसतं.
"खूण माझी आहे," म्हणालो. "चूकपण."
हरपळेबाईंनी बिलांची क्लिप काढली,
एकेक कागद पानावर नोटा ठेवाव्यात तसा
डॅशबोर्डवर मांडला.
मी अर्धे कबूल केले.
"अंडी धरली नाहीत यात," त्या म्हणाल्या,
आणि मजुरीचे पैसे मात्र दिलेच, वर पावती मागितली.

ती चार तडकलेली मागे ठेवून गेल्या.
आता स्टोव्ह पेटवलाय, कांदा चिरलाय.
वानवडीतलं ते शटर मला माहीत आहे,
त्या रस्त्यानं मी जात नाही, वळसा पडतो.
चार अंडी.
एकट्याला जरा जास्तच.