तोळामासा

गुजरीतल्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर
जुन्या खातेवह्यांच्या खोक्यात व्याली होती ती.
तिसऱ्या दिवशी भाऊसिंगजी रोडला टेम्पोखाली गेली.
चार पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले,
आवाज मात्र असा,
की गिऱ्हाईक हातातलं बिलवर खाली ठेवून वर बघायचं.

भूपालअण्णा म्हणाले, "शीतल, ही घरी ने. इथं नकोत."
मग जरा थांबून,
"वजन केलंस?"

सोन्याच्या काट्यावर मखमलीचा तुकडा टाकला,
आकडा शून्यावर आणला,
एकेक ठेवलं.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.
चौथं चौऱ्याहत्तर, की पंच्याहत्तर,
आकडा ठरेना,
ते थरथरत होतं म्हणून.

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज दहा ग्रॅम वाढायला हवं.
म्हणजे तोळा. एवढं मला कळलं.
बाकीचं लिहून घेतलं:
आधी ऊब, मग दूध.
गार पडलेल्याला पाजायचं नाही.
उताणं धरायचं नाही, पालथंच, आईपाशी असतं तसं.
दर दोन तासांनी.
आणि म्हशीचं नको.

गंगावेशीत राहतो मी.
रात्री खिडकीखाली म्हशी उभ्या असतात,
गिऱ्हाईकासमोर धार काढून
फेसाळ पेला हातात देतात.
तालमीतली पोरं एका दमात तीन रिचवतात.
अख्खी पेठ या दुधावर पोसलेली,
आणि मी डब्यातली पावडर
कोमट पाण्यात ढवळत बसलेला.
खालून सुबराव ओरडला,
"काय मर्दा! गंगावेशीत राहून भुकटी?
नाव घालवलंस की पेठेचं!"

रात्री दोन. चार. सहा.
बिनसुईची सिरिंज, थेंब थेंब.
पाजून झालं की ओल्या कापसानं खाली पुसायचं,
त्याशिवाय त्यांना मुतताही येत नाही.
ही हसली. "पंधरा वर्षांत
स्वतःचा चहाचा कप विसळला नाहीस."
मी कापूस पिळला.
दोनचा गजर तिनं आपल्या फोनवर घेतला.

काटा अण्णांनी घरी नेऊ दिला,
सही न घेता.

सोमवार: १०१, ९७, १०२, ७४.
मंगळवार: ११२, १०५, ११३, ७३.
आमच्या धंद्यात घट धरलेलीच असते,
आटवताना, घासताना, झाडताना.
पण तीही वाया जात नाही.
झारेकरी गटारातली माती नेतात, धुतात,
कण कण परत आणतात.
या चौथ्याची घट कुठं सांडत होती?
कुठली माती धुवायची?

गुरुवारी, चारच्या दुधाला,
एकाहत्तर.
आकडा पहिल्यांदाच
एका झटक्यात ठरला.

सुबरावच्या गोठ्यामागं खड्डा केला.
तो काही बोलला नाही.
खोरं त्यानंच दिलं.

आता दुकान उघडलं की
उदबत्तीच्या आधी अण्णा विचारतात,
"काय आजचा भाव?"
मी सांगतो, दोनशे दहा, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे पंधरा.
"तेजी हाय," म्हणतात,
आणि देवाकडं वळतात.

परवा पहिलं काट्यावर ठेवलं
तर मखमल ओढत
उतरून चालू लागलं,
झोकांड्या खात, सरळ हिच्या पायाकडं.

वहीत लिहिलं:
शुक्रवार. वजन झालं नाही.