पाठ

छत्रीबागेच्या तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही,
म्हणून मार्तंडदादाची एकही कुस्ती मी पाहिली नाही.
पाहिले ते त्याचे लंगोट,
बादलीत भिजवले की पाणी विटकरी होई,
आणि त्या रंगावरून मी आईला सांगे,
आज लवकर आटपलं, आज दम निघाला.
आणि पाहिली त्याची पाठ.
गुडघे, कोपरं, कपाळ, चुरगळलेले कान,
सगळं मातीत घोळलेलं,
पाठ तेवढी घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखी.
ती बघून आई बदाम भिजत घाली. चाळीस.
सोलायचे मी.

मग मुंबईचा एक अंगठ्याअंगठ्यांचा माणूस
जेलरोडला उतरला,
शिंप्याच्या टेपनं दादाच्या दंडाचं माप घेऊन गेला.
गेंदालाल वस्ताद म्हणाले, "जा बेटा.
पण तिकडं निकाल आधी लागतो, कुस्ती नंतर."

चंद्रिका टॉकीजला बायकांचं दार वेगळं होतं,
पडदा वेगळा नव्हता.
तिथे, आईच्या मांडीवर शेवेचा डबा,
मी माझ्या भावाला पहिल्यांदा लढताना पाहिलं
आणि तो हरला.
कुणाकडून तर
ज्याची मनगटं माझ्या मनगटांएवढी,
गळ्यात रेशमी रुमाल,
अशा एकानं त्याला डोक्यावर उचललं
आणि गुळाच्या ढेपांवर आपटलं.
खालून, चार आण्यांतून, शिट्ट्या.
आई म्हणाली, "पाठ टेकली गं त्याची,"
आणि डब्याचं झाकण लावलं.

रंगपंचमीला घरी आला.
गेर बघून परतलेला, नखशिखांत रंगलेला.
न्हाणीत मी पाठ घासत होते, तोच बोलला:
"तो मला उचलत नाही, वेणू. मी उडी मारतो.
त्याच्या कमरेला लचक भरू नये अशी.
फेकला जातो त्यालाच सगळी मेहनत."
मी निळं घासत होते, जांभळं घासत होते.
निळं निघालं.
जांभळं निघेना.
मला कळायला वेळ लागला,
आणि तोही काही बोलला नाही.

पुढे तो फौलादकुमार झाला.
राजवाड्यासमोर त्याची तीन मजली छाती लागली,
खालून टांगे जायचे, घोडे बुजायचे म्हणे.
आता तोच इतरांना आपटायचा.
पण आवाज त्याचा नव्हता.
दादाचा आवाज बारीक, मराठी शाळेत परवचा म्हणणाऱ्या पोराचा.
पडद्यावर तो ओठ हलवी
आणि दुसराच कुणी खर्जात उर्दू बोले.
एकदाच,
वाघाच्या पिंजऱ्यावरून तो पडतो तिथे,
दोर सुटला होता, ते काही ठरलेलं नव्हतं,
"आई गं"
एवढं त्याचं राहून गेलं.

आई अकरा वेळा गेली.
मध्यंतर झालं की निघायची.
दारावरच्या महिपतनं तिकीट मागणं सोडून दिलं होतं.
मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची,
ते ऐकायची,
घरी येऊन कणीक मळायची.
वस्ताद एकदाच गेले. येऊन म्हणाले,
"डावा पाय उशिरा निघाला."

दादा गेला तेव्हा चार पेपरांत आलं.
दोन पेपरांत फोटो त्या रुमालवाल्याचा.

चंद्रिकाच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे.
मीही घेते तिथून, काय करणार, स्वस्त पडतं.
परवा नातवानं मोबाईलवर तो सिनेमा लावून दिला,
दक्षिणेतल्या कुठल्याशा भाषेत केलेला.
पिंजरा तोच. वाघ तोच, आता जरा म्हातारा वाटला.
दोर सुटतो.
दादा तोंड उघडतो
आणि कुणी परकाच माणूस तिसरंच काही ओरडतो.
"आजी, हेच ना ते मामाआजोबा?"
थांब, म्हटलं.
वळू दे त्याला.
पाठ दिसू दे.