एक ओळ मागे

ऑपेरा हाऊस म्हणजे माझ्यासाठी
आधी एक बस-स्टॉप होता.
कंडक्टर ओरडायचा, 'आप्राहौस, आप्राहौस',
आणि हिऱ्यांचे दलाल उतरायचे
खिशातल्या कागदी पुड्या चाचपत.
त्या नावात काय आहे
हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.
धोबीतलावला उतरून कोण धोबी शोधतं?

आता मी तिथेच बसते, शेवटच्या रांगेमागे,
तिकीट-खिडकीएवढ्या जागेत.
पुढ्यात लॅपटॉप, स्वरलिपीचं बाड, थर्मास.
रंगमंचावर इटालियन गातात,
वरच्या काळ्या पट्टीवर माझं मराठी उमटतं.
बटण दाबलं की एक ओळ.
तीन अंकांत चारशे बारा.

'जाऊ नकोस' असं ती बाई सतरा वेळा म्हणते.
मी एकदाच लिहिते आणि पट्टी कोरी सोडते.
हे रिबेलोसरांनी शिकवलं.
कावेलच्या गल्लीत पोरांना व्हायोलिन शिकवतात,
रात्री इथे खड्ड्यात बसून वाजवतात.
'पयल्यांदा ती त्याला सांगते, बाय.
दुसऱ्यांदा स्वतःला.
मग कोणालाच नाय, नुसता गळा सांगतो.
ते काय लिवणार तू?'

ऑपेरा म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं,
इराण्याकडे, ब्रून मस्का बुडवत:
गोष्ट पळते तेव्हा माणसं बोलल्यासारखं गातात.
मग कुणाचं तरी काळीज अडतं,
गोष्ट तिथेच थांबते
आणि गाणं सुरू होतं.
माइक नाही, कसलीच मदत नाही.
साठ वाद्यांच्या डोक्यावरून एक गळा
बाल्कनीच्या टोकाला पोचवायचा,
कोळीण खालून चौथ्या मजल्यावर
मांदेली पोचवते तसा.

विष घेतल्यावर ती अकरा मिनिटं गाते.
माझा भाऊ डॉक्टर आहे, तो याला हसतो.
मीही हसायचे.

काल तीनशे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीला
तिनं आवाज इतका खाली नेला
की मी ऐकू लागले.
बटणवालीनं ऐकायचं नसतं, मोजायचं असतं.
एक ओळ मागे पडली
आणि मागेच राहिली शेवटपर्यंत.
तिनं क्षमा मागितली, वर शाप उमटला.
त्याचं नाव घेतलं, वर क्षमा.
ती कोसळली.
वाद्यं थांबली.
आणि मग, अगदी शांततेत, पट्टीवर उजळलं:
'मला थोडं पाणी द्या.'

पुढे कुणीतरी फिसकन हसलं.
कुणीतरी नाक ओढलं.
पडदा.

सगळे गेल्यावर काठी टेकत एक गृहस्थ आले.
दत्ताराम पाळेकर, चाळीस वर्षं
नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत होते.
'चुकलात.'
'हो.'
'आमच्याकडे मेलेली बाई वन्स मोअरला उठायची.
पदर सारखा करायची, पुन्हा गायची,
पुन्हा मरायची. आणि लोक पुन्हा रडायचे, हं!
इथे कुणी वन्स मोअर दिला नाही.
तुमच्या त्या पाटीनंच दिला.'
मग चष्मा पुसत विचारलं,
मुतारी कुठल्या बाजूला.

माफी मागायला मी आत गेले.
तिला मराठी येत नाही.
मला इटालियन वाचता येतं, बोलता येत नाही.
अर्धा रंग पुसलेला, केसांचा टोप मांडीवर,
वॉचमनच्या बाटलीतून ती पाणी पीत होती,
घटाघटा, हनुवटीवरून ओघळ.
एक बोट वर केलं तिनं,
थांब, म्हणून.
मी थांबले.
बाटली रिकामी झाली.

वॉचमन म्हणाला, 'मॅडम, विचारा की तिला,
आणखी पाहिजे काय?'

चारशे बारा ओळींत
ही कुठेच नव्हती.