काचेची सुई

सकाळी साडेसहाला टे नदीवर धुकं,
पूल दिसतो तो अर्धाच.
आमची डंडी अजून झोपलेली असते.
मी हीटर लावते, तेलाच्या थेंबाखाली
नाकतोड्याच्या पेशी पसरते,
आणि काचेची नळी आचेवर धरून ओढत जाते
केसाहून बारीक टोक येईपर्यंत.
चौतीस वर्षं हेच. हात अजून कापत नाही.

पेशीच्या आत दोन टोकं.
दोन्हीकडून तर्कूचे तंतू निघालेले,
अंधारात किल्ली शोधणाऱ्या बोटांसारखे.
एखादा हुकतो, विरून जातो, पुन्हा वाढतो.
एखाद्याच्या हाती गुणसूत्र लागतं.

जोड्या हळूहळू मधोमध येतात.
एक सूत्र आईकडचं, एक बापाकडचं,
अजून एकमेकांना बिलगलेली,
आणि पाठीमागून दोघांना दोन दिशांची ओढ.
बिनजोडीचं एक्स एका बाजूला निमूट.

आज एक जोडी चुकली.
दोघांचेही धागे डावीकडेच.

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात.
इथे उलटं:
ताण नसला की धागा सुटतो.
सैल पकड पेशीला पटत नाही,
ती स्वतःच सोडवते
आणि पुन्हा चाचपडू देते.

मी सुई आत घातली,
त्या जोडीला उजवीकडे ओढून धरलं.
खोटा ताण.
आणि चुकीचा धागा टिकला.
पाच मिनिटं, पंधरा, चाळीस.
माझा हात होता तोवर
चूक बरोबर होती.

आई तागाच्या गिरणीत चात्यांवर होती.
तुटलेला धागा चालत्या यंत्रावरच
अंगठ्याने वळून जोडायची.
त्या गदारोळात बायका नुसत्या ओठांनी बोलत;
घरीही ती तशीच बोले,
तोंड मोठं करून, आवाज न काढता.
तिचं नाव अ‍ॅग्नेस. इंग्रजी अक्षरं उलटीकडून वाचली
आणि माझं ठेवलं: सेंगा.
तीच अक्षरं, दुसऱ्या टोकाकडून.

लॉखीच्या वृद्धाश्रमात चार वर्षं
मी तिला ओढून धरलंय.
ती म्हणते, "जीन, आलीस?"
मी म्हणते, "जीन नाही गं. सेंगा. तुझी मुलगी."
ती मान हलवते. मी हात काढला
की पुन्हा जीन.

गेल्या शनिवारी मी दमले होते.
"आले," म्हटलं, ओठांनीच, आवाज न काढता.
तिने खुर्ची पुढे ओढली,
मुकादमाबद्दल काहीतरी चावट बोलली
तशीच, ओठांनी,
आणि दोघी हसलो, जेवणाची घंटा होईपर्यंत.
कोण होते मी, मला नक्की सांगता येणार नाही.

सुई बाहेर घेते.
डावा धागा जरा वेळ राहतो, मग गळतो.
जोडी लटपटते, वळते,
आणि उजवीकडून कुणीतरी तिला धरतं.
वहीत वेळ लिहिते: नऊ वाजून बारा.

आता सगळी पेशी थबकलेली.
माझा चहा निवतो.
मग एकाच क्षणी सगळ्या जोड्या सुटतात,
भांडण नाही, फारकत नाही,
दोन्हीकडे सरकत जातात,
पाय मागे ओढत, लांबट,
जणू वळून बघताहेत.

ते मी वहीत लिहीत नाही.
खिडकीबाहेर पुलाचा उरलेला अर्धा भाग
दिसायला लागलाय.