शिफारसपत्र

फॉर्म विचारतो : निशिगंधा उईके
वर्गातल्या वरच्या एक टक्क्यात आहे काय?
वर्गात एकोणीस पोरं. सोंगणीच्या दिवसांत बारा.
एक टक्का म्हणजे
एका पोराचा पाचवा हिस्साही नाही.
मी होयवर खूण केली.

तिची माय दरसाल शंभर दाणे मोजून
ओल्या गोणपाटात गुंडाळते.
सत्तरच्या खाली कोंब आले
तर ते सोयाबीन पेरायचं नाही.
तिला म्हटलं, तिथं शंभरात तीन घेतात,
बाहेरदेशाचे, वर फी माफ मागणारे,
त्याहून कमी.
"मंग सर, बी खराब हाय, का वावर?"

हे पत्रात बसेना.
लिहिलं : मेहनती, नम्र.

झरीच्या सेतू केंद्रात लाईट येईस्तोवर
निशिगंधा बाकावर बसून
सलवारीची कुसळं काढत होती,
एकेक.