भिंत

रस्त्याकडून पत्र्याचे खवले,
खवल्यामांजराच्या पाठीसारखे;
शाळेकडून पऱ्हाट्यांचा दाबलेला भुसा.
वडनेरहून पुढं, हायवेला लागून.

मोहापाशी ती वाकते.
झाड वाचावं म्हणून
त्या पोरीनं नकाशा दोनदा काढला.

ट्रक आता मुके.
वरच्या काचेतून नुसते जातात,
एकामागून एक.

उईके गुरुजी अजून ओरडूनच शिकवतात.
अकरा वर्षांची सवय.
"सर, हळू बोला नं, आयकू येते आमाले,"
तिसरीतली आचल म्हणाली.

गुरुजी थांबले.
हातातला खडू
फळ्यावर थोडा घासून पाहिला.

रस्त्यापलीकडं नेहाऱ्याची चहाटपरी.
तो म्हणतो, मले दोनदा आयकू येते:
एकदा ट्रक,
एकदा भिंत.