ड्रायव्हर, ए.टी.

धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात
माझ्या टेबलावर काच, काचेखाली तक्ता:
फौजेतला ट्रेड डावीकडे,
त्याला जुळणारा मुलकी धंदा उजवीकडे.
व्हेईकल मेकॅनिक म्हणजे फिटर.
इन्फन्ट्री, जनरल ड्युटी म्हणजे वॉचमन.
सतरा वर्षं पहाडावर काढलेल्या माणसाला
मी एटीएमच्या दारात उभा करतो
आणि सही घेतो.
मीही फौजेतलाच. ट्रेड क्लर्क.
उजवीकडेही क्लर्कच.
माझं भाषांतर करावं लागलं नाही.

जामसिंग गिरासे आला मार्चच्या उन्हात,
पॅन्टची इस्त्री अजून पलटणीतली.
डिस्चार्ज बुकात लिहिलेलं: ड्रायव्हर, ए.टी., क्लास वन.
विचारलं, लायसन हेवी का लाइट?
"खेचर, साहेब."
मग आवाज उतरवून, बोलीत,
"माले गाडी येत नही, भाऊ."

ॲनिमल ट्रान्सपोर्टची ओळ तक्त्यात नव्हती.
त्याच्या गळ्यात नंबर, तिच्या खुरावर नंबर,
ट्रेड टेस्ट मात्र त्याला एकट्यालाच.
काय विचारतात टेस्टमध्ये?
ओझं दोन्ही बाजूंनी सारखं. तंग किती बोटं ढिला.
नाल, दात, लीद.
आणि जे विचारत नाहीत ते?
तो पंख्याकडे बघत राहिला.
"बर्फात पूल लागला तर
तिचे डोळे झाकायचे नाहीत.
आपण खाली बघायचं नाही.
तिला कळतं."

हे कुठल्या रकान्यात बसवू?
मी लिहिलं: ड्रायव्हर.
एस.टी. डेपोतून अर्ज परत आला, लाल शेऱ्यासह.
मग लिहिलं: वॉचमन.
दोंडाईच्याला मिरचीच्या गोदामावर रात्रपाळी.

दत्तजयंतीला मेहुण्यासोबत सारंगखेड्याला गेलो, घोडी बघायला.
व्यापारी म्हणत होता, सहा वर्षांची.
मागून कुणीतरी हात घातला, ओठ वर केला,
"नऊ."
बाहीवर मिरचीची लाल धूळ.
मेहुण्यानं भाव पाडला, मला डोळा मारला.
जामसिंग तोवर पुढे निघून गेलेला,
घोडे संपतात तिथे, तापीच्या उतारावर,
तीन खेचरं बांधलेली, ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

एकीच्या खांद्याला खांदा लावून
त्याने मागचा पाय उचलला,
खूर अंगठ्यानं पुसला.
कोरा होता.
पाय खाली ठेवायला
त्याला बराच वेळ लागला.